सव्वा तासाचा अंधार

चाकणजवळच्या निघोजे गावात कंपन्यांच्या गेटपासून चालत जाता येईल अशा अंतरावर भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, तीत चौघे-पाचजण आणि भिंतीला त्रेचाळीस इंची टीव्ही. टीव्ही बहुधा हप्त्यावर घेतलेला, आणि हप्ता वाटून भरलेला. तो फोर-के असेल तर त्याच्या काचेमागे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार केला की ८२ लाख ९४ हजार ४००. आता पिंपरीत नाहीतर पुण्यात तिकीट काढून जे थिएटर गाठायचं, तिथला प्रोजेक्टर बऱ्याचदा टू-के असतो: २०४८ गुणिले १०८०, म्हणजे बावीस लाखांच्या किंचित वर. खोलीतल्या टीव्हीवर थिएटरच्या जवळजवळ चौपट ठिपके आहेत.

उजेडातही थिएटर मागेच. पडद्याचा उजेड ‘निट’ या मापात मोजतात. सिनेमागृहाच्या पडद्यावरच्या पांढऱ्याशुभ्र चित्रासाठी जगभर मानलेलं प्रमाण आहे ४८ निट. दुकानातला साधासुधा टीव्ही अडीचशेच्या घरात असतो, आणि भर उन्हात बसस्टॉपवर पाहता यावा म्हणून केलेला मोबाइल त्याच्याही कितीतरी वर जातो.

म्हणजे कागदावर हा सामना केव्हाच संपलेला आहे. घरचा पडदा जास्त उजळ, जास्त बारकाव्याचा, हवा तेव्हा थांबणारा, आणि पॉपकॉर्नच्या पुड्याला तिकिटाएवढे पैसे न मागणारा. लोक थिएटरात जायचे कमी झाले यात नवल काहीच नाही. नवल वेगळंच आहे. इतक्या मंद उजेडाचं चित्र आपल्याला इतकी वर्षं भव्य का वाटत आलं? थिएटर नेमकं करत काय होतं?

उत्तर शोधायला जुन्या रिळाच्या प्रोजेक्टरचं झाकण उघडावं लागतं. आणि ते यंत्र समजून घ्यायला निघोजे-चाकण पट्ट्यातल्या माणसाइतका लायक माणूस दुसरा सापडायचा नाही.

रिळावरचा सिनेमा म्हणजे एकामागून एक स्थिर फोटो, सेकंदाला चोवीस. फिल्म सलग ओढली तर पडद्यावर नुसता फरकाटा दिसेल. म्हणून प्रत्येक फोटो दिव्यासमोर येऊन क्षणभर ठार उभा राहायला हवा, मग झटक्यात सरकायला हवा, मग पुढचा येऊन ठार उभा. मोटार मात्र एकसारखी फिरत असते. एकसारख्या फिरण्यातून ही थांबत-थांबत चाल काढायची कशी? त्यासाठी वापरतात ती ‘जिनिव्हा’ची जोडी. एका चाकावर एक पिन, शेजारी चार खाचांची चांदणी. चाक फिरता फिरता पिन चांदणीच्या एका खाचेत शिरते, तिला पाव फेरा फिरवते आणि बाहेर पडते. उरलेला पाऊण वेळ चांदणी जागची हलत नाही, चाकाची गोल कडा तिला अडवून धरते. ही युक्ती मुळात घड्याळवाल्यांची. यंत्रशाळांतल्या काही इंडेक्सिंग टेबलांच्या पोटात आजही हीच जोडी असते: टेबल फिरतं, थांबतं, ड्रिल उतरतं, वर जातं, टेबल पुन्हा फिरतं. ज्याने असं टेबल चालवलंय त्याने सिनेमाचं हृदय हाताळलेलं आहे, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

पुढचा हिशेब पाहा. चांदणीच्या दांड्यावर सोळा दातांचं स्प्रॉकेट बसवलेलं असतं. पाव फेरा म्हणजे चार दात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फोटोच्या कडेला भोकं असतात तीही नेमकी चार. फोटो सरकायला सेकंदाचा शहाण्णवावा भाग लागतो, आणि त्याच्या तिप्पट वेळ तो उभा राहतो.

पण सरकताना तो दिसला तर पुन्हा फरकाटाच. म्हणून उजेडाच्या वाटेत एक चकती फिरत असते, आणि फोटो सरकत असतो तेवढा वेळ तिचं पातं उजेड अडवून धरतं. एवढं करूनही सेकंदाला चोवीसदा अंधार झाला की डोळ्याला लुकलुक जाणवतेच. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला तोडगा ऐकायला अगदी उलटा वाटतो: अंधार आणखी वाढवायचा. चकतीला दुसरं पातं लावलं. ते फोटो धड उभा असतानाच मधोमध एकदा उजेड तोडतं. आता लुकलुक सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा होते, आणि त्या वेगाला डोळा हार मानतो. मात्र एका अटीवर, की पडदा फार उजळ नसावा. पडदा जितका लख्ख तितकी लुकलुक जास्त बोचते. थिएटरचा पडदा मंद होता म्हणून ही लबाडी पचली.

आता दोन्ही पात्यांचा काळोख एकत्र करा. साधारण निम्मा वेळ पडद्यावर काहीही नसतं. अडीच तासांच्या पिक्चरला प्रेक्षक सव्वा तास मिट्ट अंधाराकडे बघत बसलेला असायचा. तिकीट काढून, प्रसंगी ब्लॅकने. आणि त्याबद्दल डोअरकीपरशी भांडायला आजवर एकही माणूस गेलेला नाही.

त्या अंधारात काय घडत होतं, याचा पहिला नीट तपास सिनेमावाल्यांनी केला नाही, मानसशास्त्रज्ञांनी केला. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माक्स वेर्टहायमर या संशोधकाने दोन स्थिर रेषा आळीपाळीने दाखवल्या. दोघींच्या मधला वेळ नेमका साधला की पाहणाऱ्याला दोन रेषा दिसतच नाहीत, एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. सरकलेलं काहीच नसतं. शाळेत आपल्याला सांगतात की चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळतं म्हणून सिनेमा हलताना दिसतो. त्या रेंगाळण्याने लुकलुक का जाणवत नाही ते कळतं, पण हात वर जाताना का दिसतो ते कळत नाही. वर जाणारा हात मेंदू स्वतः रचतो, दोन फोटोंच्या मधल्या काळोखात. पडद्यावर कधीच न आलेली गोष्ट हजार माणसं एकाच वेळी पाहतात आणि टाळ्या वाजवतात.

मोठं यंत्र, मोठे आकडे. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे अडीच तासांचा पिक्चर साडेतेरा हजार फुटांचा. सरळ अंथरला तर चार किलोमीटरहून लांब, त्यावर दोन लाख सोळा हजार फोटो. आवाज त्याच फिल्मच्या कडेला छापलेला, पण चित्राशेजारी नाही. चित्र थांबत-थांबत जातं, आवाजाला मात्र सलग धाव लागते. म्हणून आवाज वाचणारा भाग खाली, फिल्मला मध्ये एक ढिला फास सोडून बसवलेला, आणि आवाज चित्राच्या सुमारे वीस फोटो पुढे छापलेला. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन टोकं चिकटवायचा. मग त्या जागी आधी चित्र उडी मारायचं आणि जवळजवळ सेकंदाने आवाज. जुन्या प्रेक्षकांना ही दुहेरी ठेच अजून आठवत असेल. कारण मात्र केबिनमधल्या माणसालाच ठाऊक.

हे सगळं लॉरीत घालून गावोगाव नेता येत होतं, ही त्याची खरी कमाल. पुण्याला १९१५ मध्ये मंडईजवळ आर्यन थिएटर मिळालं, पुढे प्रभात, अलका, नीलायम अशी रांग लागली. पिंपरीत विशाल होतं, तिथे पुढे त्याच नावाने मल्टिप्लेक्स झालं. पण पुणे, सातारा, सांगली, नगर या टापूतल्या असंख्य गावांकडे सिनेमा इमारत होऊन आलाच नाही. तो जत्रेबरोबर आला आणि जत्रेबरोबर गेला. पाऊस सरला, पिकं निघाली, गावोगावच्या देवांच्या यात्रा सुरू झाल्या की टुरिंग टॉकीजच्या लॉऱ्या निघायच्या. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या जागी एकाशेजारी एक तंबू लागायचे आणि प्रत्येकाचा कर्णा दुसऱ्याहून मोठ्याने ओरडायचा. बसायला जमीन, भिंतीला कनात, विजेला जनरेटर.

प्रिंट तिथवर पोचायची ती शेवटच्या मुक्कामाला. आधी शहर, मग तालुका, मग तंबू. तोवर शेकडो वेळा यंत्रातून गेल्यामुळे तिच्यावर उभे ओरखडे पडलेले असायचे आणि पडद्यावर सतत ‘पाऊस’ पडायचा. राजवाड्याच्या आतही पडायचा. गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध पडदा बांधून सोळा मिलिमीटरचे पिक्चर दाखवत, तेव्हा पडद्याच्या दोन्ही अंगांना लोक बसत. पातळ कापड थोडा उजेड परत फेकतं आणि थोडा पलीकडे जाऊ देतं. त्यामुळे मागच्यांनाही सगळं दिसे, फक्त आरशातल्यासारखं. नायक डावखुरा, दुकानाच्या पाट्या उलट्या, साडीचा पदर भलत्या खांद्यावर. त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

अमित मधेशिया या छायाचित्रकाराने महाराष्ट्रातल्या अशा तंबूंत रात्री फोटो काढले. पडद्याचे नव्हे, पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे. त्या मालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळालं. पुढे त्याने आणि शर्ली अब्राहमने याच तंबूवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात रिळाचा प्रोजेक्टर जाऊन डिजिटल यंत्र येताना दिसतं. हा बदल तंबूला महागात पडला. रीळ दुरुस्त करता येतं, चांदणी घासली तर लेथवर दुसरी करून घेता येते. डिजिटल यंत्र बंद पडलं की ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याची वाट बघायची. त्याआधी रंगीत टीव्ही १९८२ पासून घराघरात शिरू लागला, १९८७ मध्ये ‘रामायण’ने रविवारची सकाळ ओस पाडली, मग व्हिडिओ पार्लर, केबल, सीडी. तंबूने हे सगळं सोसलं होतं. पण फुजी कंपनीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, आणि नव्या पिक्चरची प्रिंट मिळणंच संपलं.

डिजिटल प्रोजेक्टरबद्दल मात्र आकस ठेवू नये, कारण तोही कमी अचाट नाही. बहुतेक थिएटरांतल्या प्रोजेक्टरमध्ये एका चिपवर बावीस लाखांहून जास्त आरसे असतात, प्रत्येक ठिपक्याला एक. एकेक आरसा केसाच्या जाडीहून लहान. तो कुशीवर वळला की उजेड पडद्याकडे, दुसऱ्या कुशीवर वळला की बाजूला. करडा रंग हवा असेल तर तो काही वेळ इकडे आणि काही वेळ तिकडे, सेकंदाला हजारो वेळा. ही चिप लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये तयार केली. यात फोटो सरकत नाही, म्हणून पातंही नाही. सव्वा तासाचा तो अंधार थिएटरातूनही कायमचा गेला.

दुसरा अंधार मात्र तिथे अजून आहे, आणि सारा खेळ त्याच्यावर उभा आहे. थिएटरचा पडदा पांढरा असतो. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, तो फक्त उजेड न टाकणं एवढंच करू शकतो. नायिकेचे काळेभोर केस म्हणजे पांढऱ्या कापडाचा उजेड न पडलेला भाग. तो काळा दिसतो तो भोवती काळोख आहे म्हणून. दिवे गेले की बाहुल्या रुंदावतात, डोळ्याच्या मागच्या पेशी हळूहळू अंधाराला सरावतात. पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग ४८ निटसुद्धा लख्ख वाटतात. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर तिचा उजेड टीव्हीच्या काचेवर सांडतो आणि अडीचशे निट असूनही रात्रीचा प्रसंग राखाडी होतो. चौघांपैकी एकजण पोळ्या लाटत असेल तर ट्यूब बंद करा म्हणणार कोण?

मग आकार. एक प्रयोग सांगतो, साहित्य काही लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. डोळ्याला ती साधारण दहा अंशांची दिसते. थिएटरात मधल्या रांगेत बसलं की पडदा चार मुठींएवढा रुंद भरतो. तसा भरावा अशीच शिफारस असते. आता खोलीत समोरच्या भिंतीला टेकून बसा. नऊ फुटांवरून त्रेचाळीस इंची टीव्ही दोन मुठींत संपतो. त्याला थिएटरएवढा करायचा तर सव्वाचार फुटांवर येऊन बसावं लागेल. दहा बाय दहाच्या खोलीत ते सहज जमतं. मोठ्या हॉलवाल्या बंगल्यात सोफा इतका पुढे ओढायला घरचे परवानगी देत नाहीत. सिनेमा बघण्याच्या बाबतीत चाकणच्या खोलीकरूची बाजू इथे वरचढ आहे.

आणि मोबाइल? अंथरुणावर पडून, आडवा धरून, फूटभर अंतरावर त्याची रुंदी भरते जवळजवळ तीन मुठी. पलीकडच्या भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा हातातला मोबाइल डोळ्याच्या पडद्यावर मोठा पडतो. हे गणित केल्याशिवाय पटत नाही, आणि केल्यावरही पटत नाही, कारण मोबाइल आपल्याला मोठा वाटतच नाही. मेंदू डोळ्यात पडलेल्या आकाराला अंतराने गुणतो. दोन्ही डोळे किती आत वळलेत, भिंगाला किती ताण पडलाय, यावरून त्याला कळतं की वस्तू हाताच्या अंतरावर आहे. मग घोड्यावर बसलेला सरदारही वीतभरच. थिएटरात डोळे सैल असतात, अंतर मोठं, म्हणून तोच चेहरा वीस फूट उंचीचा मानला जातो. डोळ्यात पडलेलं चित्र जवळपास तेवढंच असताना एकाला आपण हातात धरतो आणि दुसऱ्याकडे मान वर करून बघतो.

आवाजाचीही अशीच एक झाकलेली करामत आहे. थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, हजारोंनी. लांबून ती दिसत नाहीत, जवळ जाऊन नाक लावलं तर दिसतात. मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे असतात आणि संवाद त्या भोकांतून नायकाच्या तोंडातून आल्यासारखा येतो. टीव्ही पातळ होत गेला तसे त्याचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले. घरी पिक्चर बघताना ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त विचारला जातो, त्यातला काही दोष या स्पीकरांचा आहे.

हे सारं पैसे टाकून घरी आणता येतं. प्रोजेक्टर घ्या, पडदे लावा, स्पीकर मांडा. एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही. जर्मनीतल्या माइन्त्स शहरात माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३च्या अखेरीस एका थिएटरच्या हवा बाहेर टाकणाऱ्या नळीत आपलं उपकरण बसवलं. सोळा सिनेमे, शंभरावर खेळ, साडेनऊ हजार प्रेक्षक. प्रेक्षकांचा श्वास हवेत काय सोडतो हे ते दर अर्ध्या मिनिटाला मोजत होते. सिनेमात जीव टांगणीला लागायचा प्रसंग आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन वर उडी मारायचे. आयसोप्रीन स्नायूंत साठलेलं असतं. अंग ताठ केलं, खुर्चीत चुळबुळ केली की श्वासावाटे बाहेर पडतं. आणि ही उडी दर खेळाला, वेगळी माणसं असूनही, त्याच प्रसंगाला. म्हणजे पडद्याकडे पाठ करून नुसती हवा तपासली तरी गोष्ट कुठवर आलीय ते सांगता येईल.

यावरून लगेच ‘एकत्र पाहण्याची जादू’ म्हणून गहिवरायचं कारण नाही. इस्रायलमध्ये उरी हसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पाच जणांना ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा अर्धा तास दाखवला. प्रत्येकजण मेंदूच्या स्कॅनरच्या नळीत एकटा झोपलेला. तरी पाचही मेंदूंचे बरेच भाग एकाच तालात चालत होते. तेव्हा ताल सिनेमाच धरायला लावतो, माणूस एकटा असला तरी. थिएटर एवढंच करतं की तो ताल पाचशे जणांत एकाच क्षणाला पोचवतं आणि मध्ये थांबू देत नाही. शेजारचा हसला म्हणून मी जरा जास्त हसतो, मी हसलो म्हणून पुढची रांग. घरी आपण इतके वेळा थांबवतो, चहा टाकतो, फोन घेतो, की ताल धरायच्या आत सुटतो.

लोकांना हे बरोबर कळतं. निघोज्याच्या कडेने वाहणाऱ्या इंद्रायणीनेच त्याचे पुरावे दिले आहेत. वरच्या अंगाला देहू. तुकोबांवरचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकोबा. मुंबईच्या एका थिएटरात तो ५७ आठवडे चालला. खालच्या अंगाला आळंदी, तिचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० चा. आणखी खाली, इंद्रायणी जिथे भीमेला मिळते ते तुळापूर. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला तेव्हा महाराष्ट्रात लोक झुंडीने गेले आणि रडवेल्या डोळ्यांनी बाहेर आले. हाच सिनेमा काही आठवड्यांत मोबाइलवर येणार हे प्रत्येकाला माहीत होतं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्याने, साड्या ठरवून गेल्या. घरी टीव्ही नव्हता म्हणून एकही गेली नसेल. रोजच्या रोज थिएटरात जाणं संपलंय. यात्रेला जावं तसं वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी जाणं उरलंय. म्हणजे फिरून तंबूचाच हिशेब झाला, फक्त तंबू आता जागचा हलत नाही आणि वर्षभर वातानुकूलन चालवतो. ते भाडं आणि ते बिल वर्षातल्या दहा गर्दीच्या आठवड्यांनी कसं भरायचं, हा एकपडदा थिएटरवाल्यांचा खरा घोर आहे.

भारतात पडदे तरी किती? दहा हजारांच्या आत. चीनमध्ये ऐंशी हजारांहून जास्त. थिएटरं बंद पडताहेत असं आपण म्हणतो तेव्हा भरपूर असलेलं काही कमी होतंय असा भास होतो. आपल्याकडे ती पुरेशी उभीच राहिली नव्हती. निघोज्यासारखी गावं तंबूतून उडी मारून थेट मोबाइलवर आली, मधली पायरी त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

आणि कारखाने आल्यावरही आली नाही, हे मला जास्त विचित्र वाटतं. इथल्या शिवारात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, महिंद्राचाही मोठा कारखाना निघोज्याच्याच हद्दीत. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली तरुण पोरं, हातात पगार, घरचं कोणी जवळ नाही. मुंबईच्या गिरणगावात अशाच पोरांच्या जोरावर थिएटरं चालली. लालबागचं भारतमाता तर गिरणीच्याच जागेवर उभं राहिलं. पण गिरणी कामगार पाळी सुटली की चालत थिएटरला जायचा. इथे संध्याकाळी नाशिक रस्त्यावर चाकण ते मोशी गाडी हलत नाही. थिएटरांनी पिढ्यान् पिढ्या बारा, तीन, सहा, नऊ अशा वेळा धरल्या. सेकंड शिफ्ट सुटते मध्यरात्रीच्या सुमारास, आणि थर्ड शिफ्टवाला दुपारी तीनला झोपलेला असतो. वर पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि नवा पिक्चर लागतो शुक्रवारी! ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं त्याला भोसरी-चाकण माहीत नसावं. मोबाइलला यातलं काहीच आडवं येत नाही. तो पाळीनुसार चालतो.

थिएटरलाही वेळ बदलता येते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला ‘सैराट’च्या वेळी, २०१६ मध्ये, रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावला होता. या पट्ट्यात ज्याला थिएटर काढायचं असेल, त्याने ठिपके आणि निट नंतर मोजावेत. आधी कंपन्यांच्या बसचं वेळापत्रक मागून घ्यावं, आणि सेकंड शिफ्टच्या बस निघोज्यात किती वाजता रिकाम्या होतात ते बघून पहिला खेळ लावावा.